तात्पुरत्या क्यूतला पत्ता

१२ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतोय, तोंड मात्र व्यवस्थित चालू आहे. तुझी आठवण काढते, म्हणजे मला बोल लावते.

ऑफिसात तुझी खुर्ची रिकामीच आहे. तू नोकरी सोडलीस, पण हेल्पलाइनची सिस्टीम तू बांधलीस तशीच चालते. घर सोडून आलेल्या बाईला आम्ही खोली देतो. तिचा पत्ता आमच्यापैकी कुणी सिस्टीमला विचारला की उत्तरापुरती एक तात्पुरती क्यू, म्हणजे निरोपांची रांग, उघडते, उत्तर वाचलं की पुसली जाते. तुला मी काय सांगणार म्हणा! जो ती क्यू उघडेल त्यालाच वाचता यावी, अशी परवानगी लाव म्हणून मी तुझं डोकं खाल्लं होतं. ‘अगं वेडे, दोन सेकंद जगणाऱ्या वस्तूला कुलूप कशाला?’ म्हणालास. सगळे हसले. मीही हसले.

गेल्या आठवड्यात दिसलं, टेस्टिंगच्या जुन्या लॉगिनवरून कुणीतरी त्या क्यू चोरून वाचतंय. पासवर्ड तिघांनाच ठाऊक. साहेब, मी आणि तू.

आणि वहिनी आमच्याकडेच आहे. हात प्लास्टरमध्ये घेऊन आली. बाथरूममध्ये घसरली नव्हती ती.

मी लगेच कुलूप लावलं नाही. साहेबांना सांगून आधी वहिनीला दुसरीकडे हलवलं आणि तो पत्ता सिस्टीममध्ये घातलाच नाही. मग तिच्या नावानं पत्ता विचारला, आणि उत्तरात या रिकाम्या खोलीचा पत्ता सोडला. त्यानंतर परवानगी लावून टाकली. आता तुला काहीही वाचता येणार नाही.

खरं सांगू? मला वाटत होतं, पासवर्ड कुठूनतरी फुटला असेल, चोर कुणी परका असेल. चार दिवस इथं कुणी फिरकलं नसतं तर दाराला अडकवलेलं हे पाकीट मीच फाडलं असतं आणि सख्ख्या भावावर संशय घेतला म्हणून स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. तसंच व्हावं, असं किती वाटत होतं मला!

पण तू वाचतोयस. दारात, उभ्यानं.

दार ठोठावू नकोस, आत कुणी नाही. खाली जिन्यापाशी पोलीस आहेत, मीच बोलावलेत. हातात काही आणलं असशील तर ते इथंच ठेव आणि मगच खाली उतर. पाया पडते तुझ्या.

बहीण तुझीच,
पण आज आधी तिची नणंद