पिवळी हॅट आणि लाल जर्सी

विद्यापीठ वसतिगृह
२४ नोव्हेंबर १९९६

ती. इर्मालीन मावशीस,
थॅडचा सा. न. आणि लांबूनच एक घट्ट मिठी.

फोन न करता पत्र लिहिलं म्हणून घाबरू नकोस. फोनचा अनुभव आपण घेतलाय. खांदा दुखतोय असं मी सप्टेंबरात तुला हळूच सांगितलं. तुझ्या पार्लरमध्ये केस वाळवायच्या टोपाखाली बसलेल्या मिसेस बर्थलॉना ऐकू जाईना, म्हणून तू ते ओरडून सांगितलंस. पुढच्याच शनिवारी समोरच्या संघाची दांडगी पोरं एकामागून एक त्याच खांद्यावर येऊन पडली. तेव्हा यापुढे कामाचं ते कागदावर.

काल सामन्याला आलीस, फार बरं वाटलं. शेवटच्या वर्षाची पोरं एका हाताला आई, दुसऱ्या हाताला बाप अशी मैदानात आली, बँड वाजला, आयांना फुलं मिळाली. मी तिसऱ्या वर्षाचा, म्हणून कडेला उभा. कोच सकाळी म्हणाले होते की पुढच्या वर्षी नसशील तर आजच मावशीला घेऊन चाल. मी म्हटलं, अजून ठरलं नाही. मग स्टँडमध्ये तू दिसलीस. डोक्यावर जुनी निळी हॅट आणि मांडीवर नव्या हॅटची पेटी. अख्खा सामना ती पेटी तू सोडली नाहीस. आत काय होतं ते सांगून टाक, कारण झाकणाच्या फटीतून पिवळं पीस बघितलेले साक्षीदार माझ्याकडे आहेत.

आता मुद्दा. व्यावसायिक फुटबॉल संघ एप्रिलमध्ये ड्राफ्टमधून पोरं उचलतात. शिक्षण अर्धवट टाकून त्यात उतरायचं तर दहा जानेवारीच्या आत नाव द्यायला हवं, आणि एकदा दिलं की परतीची वाट बंद. एक एजंट रोज वसतिगृहाच्या दारात उभा असतो. तो म्हणतो, खांदा शाबूत आहे तोवर बाजार गाठ. कोच म्हणतात, चेंडू फेकून डाव चालवणारा क्वार्टरबॅक झाडावरच पिकू द्यावा. मला सकाळी एकाचं पटतं, संध्याकाळी दुसऱ्याचं. तू दिवसभर उभी राहून गावाचे केस करतेस. तुला एकदा खुर्चीत बसवावं, एवढं मात्र मला दोन्ही वेळेला वाटतं.

तुझ्या लोभाला आणि सॉसेजच्या डब्याला आसुसलेला,
थॅड

ता. क. पार्लरच्या बेसिनचा नळ सुधारला का? बँडचे ऑक्टेव्ह मास्तर ऑगस्टपासून दुरुस्त करतायत.


पॉइंट नोएल, लुइझियाना
१ डिसेंबर १९९६

चि. थॅडियसला मावशीचे अनेक आशीर्वाद. डबा वेगळा पाठवलाय, मित्रांच्या नजरेला पडू देऊ नकोस.

पेटीत पिवळी हॅटच होती, तुझ्याबरोबर मैदानात चालायच्या दिवसासाठी घेतलेली. घालून आले असते तर अख्ख्या राज्याने थॅड चालला अशी आवई उठवली असती. न आणावी, आणि तू ऐनवेळी चालायचं ठरवावंस, तर मी फुलं घ्यायला जुन्या निळीत. म्हणून दोन्ही डगरींवर हात ठेवला. यात हसण्यासारखं काही नाही.

इथे तुझ्यावरून गावात उभी फूट आहे. माझी डावी खुर्ची 'राहा' पक्षाची, उजवी 'जा' पक्षाची. मिसेस बर्थलॉ 'जा'वाल्या. त्यांना खिडकीजवळची डावी खुर्ची आवडते, पण तत्त्वासाठी त्या उजवीत बसून उन्हाला तोंड देतात. फादर सिमियननी रविवारी धीर धरण्यावर प्रवचन दिलं, तर अर्ध्या चर्चला एकदम खोकला झाला. 'राहा' पक्षाचे पुढारी आपले मास्तर. नेहमीसारखे गुरुवारी नळासाठी आले आणि पातेल्यातला गंबोचा रस्सा संपेपर्यंत मुद्दे मांडत बसले.

माझं मत विचारशील तर राहा. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग, असं करू नकोस. व्हर्ना जायच्या आधी माझा हात धरून म्हणाली होती की पोराच्या हातात पदवी बघ. माझ्या बहिणीने आयुष्यात माझ्याकडे दुसरं काही मागितलं नाही. माझ्या पायांची काळजी तू करू नकोस. ते तुझ्या पायांपेक्षा जास्त चाललेत आणि त्यांना कुणी अजून एजंट धाडलेला नाही.

नळ जुना आहे. गळायचाच.

जेवत जा, प्रार्थना चुकवू नकोस, आणि आहे तो लोभ जपून वापर.
तुझी इर्मालीन मावशी


विद्यापीठ वसतिगृह
१२ डिसेंबर १९९६

ती. मावशीस,
डबा संपवून तृप्त झालेल्या थॅडचा सा. न.

व्यावसायिक संघांची एक समिती असते. ती पोराला आधीच कळवते की तू कितव्या फेरीत उचलला जाशील. माझं उत्तर आलं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत घेतील म्हणतात, पण चेंडू फेकायला नाही, झेलायला. त्यांच्या मते माझे पाय चांगले आहेत आणि डोक्याची परीक्षा झालेली नाही. आमच्याकडे प्रत्येक डाव कोच कडेवरून खुणा करून सांगतात, मी फक्त तो खेळतो. त्यामुळे मला स्वतःला डाव सुचतो की नाही हे त्यांना दिसलेलंच नाही.

मला वाईट वाटलं, मावशी. राग आला. माझ्यासारख्या रंगाच्या किती पोरांना हेच सांगून झेलायला लावलंय हे तू आणि मी दोघंही जाणतो. एजंट म्हणतो, आत तर शीर, मग बघू. पण आतून परत क्वार्टरबॅक झालेला कुणी त्याला आठवेना.

गंमत म्हणजे सरावात मला लाल जर्सी घालतात. ती ज्याच्या अंगावर, त्याला कुणी हात लावायचा नाही. दोनशे रतलांची पोरं माझ्यापाशी येऊन पाहुण्यासारखी थांबतात. हल्ली सगळेच माझ्याशी तसं वागतात. खरं कुणी बोलत नाही.

तू तरी बोल. तुझ्या पत्रात काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. आणि तो नळ फक्त गुरुवारीच का गळतो?

विचारात पडलेला, तरी तुझाच,
थॅड


पॉइंट नोएल
१८ डिसेंबर १९९६

चि. थॅडियसला आशीर्वाद, आणि त्या समितीला जे द्यायचं ते मी कागदावर लिहू शकत नाही.

तू चेंडू फेकायला जन्मलायस. सात वर्षांचा असताना तू अंगणातून फेकलेल्या लिंबाने माझी शोकेसची काच फोडली होती, आणि तेव्हा मी सोडून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पाय चांगले आहेत म्हणे. पाय तर माझ्या कोंबडीचेही चांगले आहेत.

पत्रात काही राहून गेलेलं नाही. पार्लरला गुरुवारी गर्दी कमी असते, म्हणून नळ गुरुवारी दुरुस्त होतो. तू अभ्यासाकडे बघ. राहिलास तर पदवी पुढच्या वर्षी डिसेंबरात, की त्यापुढच्या मेमध्ये? नक्की कळव. इथे विचारणारे विचारतात.

कमी प्रश्न आणि भरपूर माया असो.
इर्मालीन मावशी


पॉइंट नोएल
२१ डिसेंबर १९९६

चि. थॅडियसला ऑक्टेव्ह गिडरीचे आशीर्वाद.

तुला शाळेत ट्रॉम्बोन शिकवण्याचा प्रयत्न ज्याने केला आणि जो हरला, तो मी. हे पत्र मी तुझ्या मावशीला न विचारता लिहितोय. तिला कळलं तर माझी खैर नाही, पण त्याची तयारी ठेवून बसलोय.

पोरा, तो नळ कधीच बिघडला नव्हता. ताकाला जाऊन मी भांडं लपवत आलो. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली आणि इर्मालीनशी लग्न करावं अशी माझी इच्छा आहे. मी तिला विचारलं, तेव्हा तू नुकताच कॉलेजात गेला होतास. ती नाही म्हणाली नाही. ती म्हणाली, पोराच्या हातात पदवी पडेपर्यंत हे घर त्याचं आणि मी त्या घराची. त्यानंतर बघू. मी थांबलो. बँडवाल्याला थांबणं येतं. अर्धं संगीत तेच असतं.

आता गावभर मी 'राहा' पक्षाचा झेंडा घेऊन फिरतोय, आणि लोक म्हणतात की मास्तरांना फुटबॉल कळतो. परवा चर्चच्या जेवणात माझी मलाच लाज वाटली. मी तुझ्या खांद्याचा विचारच करत नव्हतो. तू राहिलास तर पदवी, पदवी मिळाली तर लग्न, एवढाच माझा फुटबॉल. म्हणून मी 'राहा' पक्षाचा राजीनामा देतोय. माझं मत सल्ल्यांमध्ये धरू नकोस. तुला जे योग्य वाटेल ते कर. मी गुरुवारी येतच राहीन.

आगाऊपणाबद्दल क्षमा असावी, आणि जमल्यास थोडी जागा मनात असावी.
ऑक्टेव्ह गिडरी


विद्यापीठ वसतिगृह
४ जानेवारी १९९७

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. खुर्चीत बसून वाच, आणि मिसेस बर्थलॉ टोपाखाली असतील तर आधी बाहेर काढ.

नववर्षाचा सामना आपण हरलो ते तू बघितलंस. टीव्हीवर धुकं दिसलं, पण मैदानात काय झालं ते दिसलं नसेल. शेवटी शेवटी कडेला उभे असलेले कोच मला दिसेनात. खुणाही नाहीत. ते निरोप घेऊन पोरं धाडायचे, पण अखेरीला तेवढाही वेळ उरला नाही. सगळे जण वर्तुळात माझ्या तोंडाकडे बघत उभे. पहिला डाव मी सांगितला तो फसला. दुसऱ्यात मला आडवं केलं. तिसऱ्याला मात्र समोरचे कुठे धावणार ते मला आधीच कळलं, आणि चेंडू जिथे हवा तिथे जाऊन पडला. सामना हातचा गेलाच होता. पण मावशी, इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कोचना सांगितलं की पुढच्या वर्षी डाव मी लावणार. ते बराच वेळ टोपी फिरवत बसले आणि मग निम्म्या डावांना हो म्हणाले. उरलेले निम्मे मी काढून घेईन. म्हणून मी थांबतोय. समितीला डोकं दाखवायचंय, त्याला एक वर्ष लागेल. खांदा मोडला तर मोडला. पदवी असेल, शाळेत इतिहास शिकवीन. भीती वाटते, नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या जागेवर खेळण्याची भीती जास्त वाटते.

आता तुझं. नळाचं मला सगळं कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नकोस, पण त्यांना ट्रॉम्बोन येतो. उतावळ्या नवऱ्याची म्हण मला ऐकवलीस, आणि तिथे एक नवरा इतकी वर्षं थांबून आता पाना हातात घेऊन बेसिनखाली बसलाय. आईने तुझ्याकडे माझी पदवी मागितली होती. तू तुझं आयुष्य बांधून ठेवावंस असं ती म्हणाली नव्हती. ते कलम तू आपल्या मनाने घातलंस. माझ्या अंगावर लाल जर्सी तूच पहिल्यांदा चढवलीस, मावशी, आणि मला लागू नये म्हणून स्वतः मार खात राहिलीस. ती आता मी उतरवतोय.

मी फुटबॉलसाठी थांबतोय. त्याला तुझ्या लग्नाशी जोडू नकोस, आणि लग्न पदवीशी जोडू नकोस. लगेच उरकून टाक. पुढच्या नोव्हेंबरात शेवटच्या वर्षाची पोरं मैदानात जातील, तेव्हा मला दोन्ही हातांना माणूस हवंय. एका हाताला तू आहेस. दुसऱ्या हाताला लहानपणापासून कुणीच नव्हतं, आणि मी ते कधी बोललो नाही. मास्तरांना विचार, चालतील का.

तुझा, आणि आता थोडासा त्यांचाही,
थॅड


पॉइंट नोएल
१२ जानेवारी १९९७

चि. थॅडियसला आशीर्वाद. आधी रागावणार होते, ते जमलं नाही.

तुझं पत्र मी बेसिनपाशी उभी राहून वाचलं. पहिल्यांदा मास्तरांना बोलावून चांगलं झापलं. तू नाव घेतलं नव्हतंस, पण त्यांनीच पत्राचं कबूल केलं. मग मी रडले, मग तो रडला. 'ते' चा 'तो' झालाय, हे तुझ्या ध्यानात आलं असेल. दोन पिढ्यांना बँड शिकवलेला माणूस, आणि रडतानाही ताल चुकला नाही. आता गंमत ऐक. इतक्या वेळा उघडून बंद केल्यामुळे नळ आता खरोखरच गळायला लागलाय, आणि तो ऑक्टेव्हला दुरुस्त करता येत नाही. प्लंबर बोलावलाय.

लग्न एक फेब्रुवारीला, शनिवारी. त्याने आधी ऑक्टोबर सुचवला होता. मी म्हटलं, फुटबॉलच्या दिवसांत शनिवारी लग्न ठेवलं तर फादर सिमियनसुद्धा येणार नाहीत. आता सामने संपतायत आणि ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, ज्यात लग्नं लागत नाहीत, ते अजून लागायचेत. मिसेस बर्थलॉना लग्नाची बातमी कळली आणि त्या मुकाट्याने उठून डाव्या खुर्चीत जाऊन बसल्या. तू थांबलास म्हणून 'जा' पक्ष हरला, असं त्यांना वाटत नाही. त्या म्हणतात, कुणीतरी गेलं ना.

पिवळी हॅट लग्नात घालणार नाही. ती नोव्हेंबरची आहे, पेटीतच राहील. ऑक्टेव्ह आतापासूनच अंगणात चालण्याचा सराव करतोय, डाव्या पायाने सुरुवात. मी म्हटलं, अजून दहा महिने आहेत. तो म्हणाला, दुसऱ्याच्या पोराबरोबर चालायचंय, चूक नको. मग स्वतःच म्हणाला की दुसऱ्याच्या नको, नुसतं पोराबरोबर म्हण.

काल कबरस्तानात जाऊन आले. कबर पुसली, फुलं ठेवली आणि व्हर्नाला सांगितलं की पोरगा थांबतोय, आणि मी निघालेय.

लोभ आहेच, तो आता दोघांचा धर.
तुझी इर्मालीन मावशी