मामाजींनी लिनक्स पाहिलं

कारंजा (घाडगे)
१६ ऑक्टोबर २०२५

चि. नंदिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

फोन असताना पत्र का, असं तू विचारणार नाहीस. फोनवर आपण मामा-भाची दोघंही ओरडतो आणि शेवटी तुझी मामी फोन काढून घेते. म्हणून महत्त्वाचं ते कागदावर, हा आपल्या घरचा नियम. छत्तीस वर्षं टपाल खात्यात काढली. माणूस कागदावर जरा शहाणा होतो, हे मी रोज पाहिलं आहे.

विषय दोन आहेत. पहिला संगणकाचा. परवा पडद्यावर पाटी आली की विंडोज दहाला कंपनीचा सपोर्ट चौदा ऑक्टोबरपासून बंद. नव्या विंडोजला आपलं यंत्र जुनं पडतं म्हणे. मामी म्हणाली, चौदा ऑक्टोबरले, दीक्षेच्या दिशी, जुनं सोडाचं असते हे त्या कंपनीलेबी समजलं म्हनाव! तू लिनक्स घ्या म्हणतेस. मी यूट्यूबवर पाहिलं, तर लिनक्स एक नाही, शंभर-दोनशे! आडनाव एक आणि घरं दोनशे. त्यातलं आपलं कोणतं?

माझी अट एकच, ट्रकचा गेम चालला पाहिजे. नोकरीभर सायकल हाणली आणि हायवेवरचे ट्रक नुसते पाहिले. स्कूटरसुद्धा शिकलो नाही. आता चौसष्टाव्या वर्षी वीस टन माल घेऊन जर्मनीहून इटलीला जातो, शेजारच्या खुर्चीत मामी क्लिनर होऊन आन दो, आन दो म्हणते, हे सुख मी सोडणार नाही. मामीची अट म्हणजे महिला मंडळाचे अर्ज मराठीत टाइप होऊन छापून निघाले पाहिजेत.

दुसरा विषय नागसेनचा. तळेगावचे प्रभाकरराव माझे तीस वर्षांचे मित्र. गेल्या रविवारी ते मुलाला घेऊन तुला पाहायला आले, तू चहा दिलास, सगळं छान झालं. मुलगा वीज खात्यात आहे, निर्व्यसनी आहे, मान खाली घालून बोलतो. प्रभाकररावांना महिनाअखेर उत्तर हवं आहे. तुझा होकार समजू ना?

मामीचे आशीर्वाद. माया आहेच, ती कागदावर मावत नाही.

तुझा,
बापूराव मामा

---

सिंदी मेघे
२० ऑक्टोबर २०२५

ती. मामाजी व मामी यांस,
सा. जयभीम. वि. वि.

पत्र वाचून इतकी हसले की घरमालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. इटलीचा माल पोचला का? की मधे चहाला थांबलात?

सोबत स्पीड पोस्टाने तीन पेनड्राइव्ह पाठवते आहे. तिन्हींवर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत: मिंट, फेडोरा, बझाइट. मिंट साधं आणि घरेलू, जुन्या विंडोजची सवय असलेल्याला सासर वाटत नाही. फेडोरा नीटनेटकं आणि नव्या वळणाचं. बझाइट खास गेमवाल्यांचं, त्यासाठी लागणारं बरंच सामान आधीच भरून ठेवलेलं. लिनक्सची गंमत अशी की आधी पाहता येतं. पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करा आणि 'इन्स्टॉल'ला हात न लावता वापरा. गेमचं स्टिअरिंग ओळखतं का, प्रिंटर बोलतो का, मराठी उमटतं का, एवढं पाहा. गेमची खरी परीक्षा इन्स्टॉल केल्यावरच होईल. एकेकाला तीन-तीन दिवस द्या, घाई नको.

एक मात्र ध्यानात ठेवा. पेनड्राइव्हवरचं हे लिनक्स पाहुणं असतं. संगणक बंद केला की त्यात लिहिलेलं सगळं विसरतं. काही जपायचं असेल तर आधी दुसरीकडे उतरवून घ्या.

नागसेनबद्दल होकार समजू नका, मामाजी. नकारही समजू नका. मला अजून काहीच माहीत नाही. आईबाबा गेल्यापासून तुम्हीच माझे सगळे; तुम्हाला नाही म्हणायची मला भीती वाटते, म्हणूनच थोडा वेळ मागते आहे.

मामीला सांगा, क्लिनरने झोपायचं नसतं. लोभ आहे तसाच चालू ठेवा, मधे पाटी येऊ देऊ नका.

तुमची,
नंदिनी

---

कारंजा (घाडगे)
३ नोव्हेंबर २०२५

चि. नंदिनीस,
जयभीम आणि आशीर्वाद, दोन्ही थोडे भीतभीत. वि. वि.

आधी गोड. तुझी तिन्ही स्थळं पाहून झाली! मामीने पहिल्या दिवशी पोहे केले. मी म्हटलं, अगं, हे पेनड्राइव्ह आहे. ती म्हणे, पाह्याचा कार्यक्रम हाय ना, मंग पोहे नाई करत का? तिने वहीत प्रत्येकाची माहितीही लिहिली: वर्ण, स्वभाव, आवाज, उठायला किती वेळ लागतो. तेव्हापासून रोज सकाळी पोहे. नऊ दिवस पोहे खाऊन माझं पोट इन्स्टॉल न होता बंद पडायला आलं.

फेडोरा देखणं. स्टिअरिंग लावताच ओळखलं. पण खालची पट्टी सापडेना, तेव्हा मामी म्हणाली, लय शिकेल हाय, आपल्या घरात अवघडल्यासारखं होईन. बझाइटने मला इतके गेम सुचवले की मामीने वही मिटली. म्हणाली, याच्या संग तुमी जेवाले उठानच नाई. मिंटने मात्र प्रिंटर पहिल्याच हाकेला ओळखला, मराठी झरझर उमटवलं, आणि मामीने स्वतःचं नाव अन्नपूर्णा असं टाइप करून सतरा वेळा छापलं. भिंतीवर लावलं आहे.

आता कडू. मिंटवरची मराठी इतकी छान उमटत होती की माझा हात थांबेना. शेवटच्या दिवशी मी प्रभाकररावांना तीन पानी पत्र टाइप केलं. टपाल खात्यातल्यासारखं, विषय, संदर्भ, सगळं. विषय होता, चि. नंदिनीचा होकार. होय, तुला न विचारता. महिनाअखेर उलटली होती, त्यांचे दोन फोन येऊन गेले होते, आणि मला वाटलं, पोरगी लाजते आहे. सकाळी छापू म्हणून मी संगणक बंद केला आणि झोपलो.

सकाळी पाहतो तर पत्र नाही! फोल्डर नाही, कागद नाही, काही म्हणता काही नाही. मिंट माझ्याकडे असं पाहत होतं जसं आम्ही कधी भेटलोच नव्हतो. मी डोक्याला हात लावून बसलो. मामीने विचारलं, काऊन तोंड पाडून बसले? खोटं बोलता आलं नाही. सगळं सांगितलं. ती उठली आणि त्या दिवशी पोहे केले नाहीत.

म्हणून हे लिहितो आहे. रागावशील तर कागदावरच रागव.

तुझा चुकलेला,
बापूराव मामा

---

सिंदी मेघे
६ नोव्हेंबर २०२५

ती. मामाजींस,
सा. जयभीम. वि. वि.

रागावलेच आहे. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला.

मामाजी, हिशोब बघा. मिंटला तीन दिवस, फेडोराला तीन, बझाइटला तीन. उठायला किती वेळ लागतो इथपर्यंत तुम्ही पाहिलंत. आणि ही अशी गोष्ट, जी नाही पटली तर एका दुपारी पुसून दुसरी टाकता येते. नागसेनबरोबर मला पंचवीस मिनिटं मिळाली. त्यातली वीस मिनिटं प्रभाकररावकाका संत्र्याच्या बहराबद्दल बोलले. उरलेल्या पाचात त्याने मला विचारलं की चहात साखर तुम्ही टाकली का, आणि मी हो म्हटलं. एवढ्यावर तुम्ही तीन पानं लिहिलीत! मला तर त्याच्याबद्दल तीन ओळी लिहिता येणार नाहीत.

ट्रकच्या गेमसाठी जेवढा धीर धरलात, तेवढा माझ्यासाठी धरा. मला त्याला भेटू द्या, बोलू द्या, आणि शेवटी मी जे म्हणेन ते माझं असू द्या. यापेक्षा जास्त काही मागत नाही. आणि यापेक्षा कमी घेणारही नाही.

हे लिहिताना तीन कागद फाडले. मिंटला माझा नमस्कार सांगा, त्याने माझं घर वाचवलं.

रागावलेली तरी तुमचीच,
नंदिनी

---

कारंजा (घाडगे)
११ नोव्हेंबर २०२५

चि. नंदिनीस,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मामीने मोठ्याने वाचलं. संत्र्याच्या बहरापाशी ती हसली आणि फाडलेल्या कागदांपाशी रडली. मी दोन्ही ठिकाणी खिडकीबाहेर पाहत होतो.

चूक माझी. तूर्त प्रभाकररावांना फोनवर सांगितलं की मुलीने उत्तर दिलेलं नाही, तिला हवा तेवढा वेळ लागेल, आणि मुलामुलीला आपसात भेटू द्या. ते घुश्शात म्हणाले, बापूराव, तुमचं वजन घरात कमी झालं का? मी म्हटलं, नऊ दिवसांच्या पोह्यांनी उलट वाढलंच आहे. फोन बंद झाला.

काल मिंट कायमचं इन्स्टॉल केलं. मामीने यंत्राला पेढा भरवायचं म्हटलं, मी म्हटलं कीबोर्डला मुंग्या लागतील. ट्रक सुरू झाला! पहिल्याच वळणावर मी खांबाला धडकलो, इतका आनंद झाला होता. मामी आता स्वतः चालवायला मागते. काल तिने ऑस्ट्रियाच्या टोलनाक्यावर उलटा ट्रक घातला, मागे रांग लागली आणि ही इकडे टाळ्या पिटते.

तुला हवे तेवढे दिवस घे. माया दोन्ही बाजूंनी सुरू आहे.

तुझा,
बापूराव मामा

---

सिंदी मेघे
२१ डिसेंबर २०२५

ती. मामाजी व मामी यांस,
सा. जयभीम. वि. वि.

नागसेनला चारदा भेटले. दोनदा वर्ध्यात, एकदा पवनारला धाम नदीच्या काठी, आणि एकदा तळेगावच्या बसमध्ये अवचित. चांगला माणूस आहे. आईची काळजी करतो, विनोद कळतो, मान खाली घालून फक्त वडिलांसमोर बोलतो.

माझं उत्तर नाही असं आहे. त्यालाही समोर बसून सांगितलं. तो म्हणाला की स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. कारण तुम्ही विचारलंत तर सांगेन.

तुम्हाला नाही म्हणून लिहिताना आज एकही कागद फाडला नाही. लोभ कमी होणार नाही ना, एवढंच कळवा.

तुमची,
नंदिनी

---

कारंजा (घाडगे)
२६ डिसेंबर २०२५

चि. नंदिनीस,
भरभरून आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी एसटीने तळेगावला गेलो. अशी गोष्ट फोनवर सांगायची नसते आणि पत्रात लपायचंही नसतं. प्रभाकररावांनी पाणी दिलं, चहा दिला नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण परतीच्या बसमध्ये पाहतो तर मी गुणगुणत होतो. शेजारच्या बाईने दोनदा वळून पाहिलं.

निघताना ते दारापर्यंत आले. म्हणाले, बापूराव, आमच्या पोरात खोट काय? पोरीनं नाई काऊन म्हटलं?

मी म्हटलं, खोट काई नाई. अन् काऊन, ते मी तिले इचारलंच नाई.

रविवारी जेवायला ये.

तुझा,
बापूराव मामा