गाडीचा दमा

प्रिय अनू,

लताआत्याने कळवलं, ठाण्याच्या गॅरेजमधली इंजिनवरची नोकरी तू नाकारणार आहेस आणि बँकेच्या परीक्षेला बसणार आहेस. बँकेत माझी सत्तावीस वर्षं गेली. तिथे एसी आहे, हवा नाही.

आधी गाडीची खबर. पवईचा चढ ती काल एसी चालू ठेवून झकास चढली, मागे तुझी आई बसलेली असताना. आईचं वजन लिहीत नाही. पत्र ती आधी वाचणार आहे.

आपल्या भांडुपच्या पार्किंगमध्ये दोन रविवार तू बॉनेटखाली डोकं घालून उभी होतीस आणि मी गॅलरीतून अक्कल पाजळत होतो. इंजिन स्वतःचीच तापलेली हवा ओढतंय, त्याला बाहेरची गार हवा हवी, असं तू म्हणालीस. मी म्हटलं, मुंबईत गार हवा सापडली तर आधी मला दे! तू समोरच्या जाळीमागून पाइप घेतलास, पावसाचं पाणी शिरू नये म्हणून उंचावर, आणि इंजिनची धग अडवायला आईच्या नानकटाईच्या ट्रेचा पत्रा कापून मध्ये बसवलास. ट्रेबद्दल आईने तुला अजून माफ केलेलं नाही.

दसऱ्याला तू आत्याकडे कांदिवलीला होतीस. मी त्याच जाळीवर झेंडूचा जाडजूड हार बांधला. हार आपणहून गळेपर्यंत काढायचा नाही, हे आपल्या घराण्याचं शास्त्र. पंधरा दिवसांनी देवेशच्या साखरपुड्याला अंधेरीला निघालो तेव्हा नुसता दोरा उरला होता, आणि चढावर गाडी धापा टाकू लागली. हॉलमध्ये पोचताच मी सगळ्यांसमोर म्हणालो, "पोरीने हात लावला आणि धडधाकट गाडीला दमा जडला!" धोंडूकाका हसताहसता खुर्चीवरून घसरले. तू हातातला ग्लास खाली ठेवलास आणि तिथूनच आत्याबरोबर गेलीस. तिला म्हणालीस म्हणे, माझंच कुठेतरी चुकलं असणार.

मी हवेचा फिल्टर उघडला तो तुझी चूक शोधायला. मिळाला मूठभर वाळका झेंडू. गळालेल्या पाकळ्या पाइपने ओढून घेतल्या होत्या. तुझं काम इतकं चोख, की त्याने माझी पूजासुद्धा गिळली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. फिल्टर मी काल-परवा नाही उघडला. साखरपुड्याच्या दुसऱ्याच दिवशी उघडला होता. पाकळ्या तुळशीच्या कुंडीत टाकल्या आणि महिनाभर गप्प बसलो, कारण तो दम्याचा विनोद फार रंगला होता. देवेश अजून फोनवर तो ऐकवायला लावतो. आईला आज सांगितलं. ती जे बोलली ते पत्रात मावणार नाही. घरच्या ग्रुपवरही सगळं लिहून टाकलंय. नोकरी आवडली नसेल तर खुशाल नाकार. पण माझ्या त्या वाक्यापायी नाही. लोक हसले म्हणून ते खरं ठरत नाही, आणि हे मला बोलायच्या आधीच ठाऊक असायला हवं होतं. सोमवारी गॅरेजला काय कळवायचं ते तुझं तू ठरव.

तुझाच, जरा उशिरा तोंड उघडणारा,
बाबा