कोपीपुरता कडबा

अप्पा, आज दुपारपासून मी ओसरीवर नुसत्या येरझाऱ्या घालतो आहे. उद्या सकाळी पेरणीला ट्रॅक्टर येणार. तुमच्या नातवानं सकाळीच विचारलं, लिंबाजवळचा पट्टा सोयाबीनला घ्यायचा का सोडायचा. संध्याकाळी सांगतो म्हणालो आणि तेव्हापासून एका जागी बसवत नाही. सून दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही निवले.

सोयाबीन आपल्या रानात आणलंत तुम्हीच. निर्णा गावाच्या बाजूला तेव्हा लोक हसायचे, ना भाकरीचं ना कालवणाचं, ह्याचं करायचं काय म्हणून. आमच्या हाताला सवय ज्वारीची. पोतं खांद्यावरून सरळ जमिनीवर टाकायचं आणि त्यावरच बसून विडी ओढायची. सोयाबीनच्या बियाण्यालाही आम्ही तेच केलं, आणि रान असं विरळ उगवलं की बांधावर उभं राहायची लाज वाटावी. तुम्ही उरलेलं बी तळहातावर चोळलंत, तर आपटून सैल झालेली साल सुटून आली. पुढच्या वर्षी मी सवयीनं पुन्हा पोतं टाकलं, तसे तुम्ही चार माणसांत ओरडलात, "कामून आपटायलास? जवारी हाय का ती? लेकरू निजवल्यागत ठेव." मला फार राग आला होता. परवा बियाणं आलं तेव्हा तुमचा नातू पिशव्या अशा अलगद उतरवत होता की मी बघतच राहिलो. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, आपल्या घरात तसंच ठेवतात.

लिंबाजवळचा पट्टा तेवढा आईनं तुम्हाला कधी दिला नाही. पावसाळाभर तो मोकळा राहायचा आणि थंडीच्या तोंडावर त्यात ज्वारी पडायची. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, येळवशीला, रानात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी करून त्यात दगडांचे पाच पांडव मांडायचे, तर कोपीपुरता कडबा आपल्या रानातला पाहिजे, एवढाच तिचा हट्ट. मला ती चूल अजून दिसते. तुम्ही दारात उभे आहात, म्हणताय, "पाच पेंढ्यांसाठी एवढं रान उपाशी ठेवायलीस व्हय?" आणि ती येळवशीच्या भाज्यांची भज्जी ढवळते आहे. तुमच्यामागंही ती होती तोवर पट्टा राहिला. ती गेली आणि गेल्या साली आम्ही तोही पेरून टाकला. येळवशीला कडबा खजुरीहून, अक्काच्या घरून, टेम्पोत घालून आणला. सगळे हसतखेळत जेवले. मला मात्र आपल्याच रानात पाहुणा म्हणून बसल्यासारखं वाटत होतं. पोरगा म्हणाला, "पुढच्या साली बी आणू की, अडतंय काय?" खरंच काही अडत नाही. तेच मला सोसत नाही.

मघाशी दिवेलागणीला तो पुन्हा आला. "बाबा, बोला की. पट्टा पेरायचा का न्हाई?"

"न्हाई," मी म्हणालो.

"कामून?"

आईचं नाव जिभेवर आलं होतं. पण आजीचं देवदेव म्हणून त्यानं ते हसण्यावारी नेलं असतं. त्याच्या लेखी शेती कळायची ती फक्त तुम्हाला, पहिलं सोयाबीन आणणाऱ्या अज्जाला. म्हणून मी म्हणालो, "अज्जा जाताना सांगून गेलेत. तेवढा पट्टा जवारीला ठेव म्हणाले."

त्यानं क्षणभर माझ्याकडं बघितलं. "मग ऱ्हाऊ दे," म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला.

अप्पा, तुम्ही असलं काही कधी म्हणाला नव्हतात. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगता येतं. पण तिकडं आईनं विचारलं, खरंच तसं सांगितलंत का, तर एवढ्या एका वेळी व्हय म्हणा.