कानात बोळे

ता. ४ जून

चि. भोंग्यास अनेक आशीर्वाद.

आठ दिवस तुझ्याकडे राहून आले, माझ्या कानाचे दडे अजून सुटत नाहीत. तू मीठ मागतोस तेही असं, की शेजारीण वाटी घेऊन धावते. बायको विचारते एक, तू सांगतोस भलतंच. तिला वाटतं, मुद्दाम कानात बोळे घातलेत. एवढी हुशारी तुझ्यात नाही हे मी जाणते. खिळ्यांच्या कारखान्यात जन्म काढलास, कान तपासून घे. फोनवर तू नुसता हॅलो हॅलो करतोस, म्हणून हा कागद.

जमेल तेवढा लोभ ठेव.
ताई

ता. १९ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तपासले! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गेलं ते गेलं, उरलंय ते राखा. यंत्रांजवळ कान झाकायचे कप लावा. कप आमच्याकडे आहेत की, पाहुण्यांसाठी, कपाटात! पाहुणे घटकाभर येतात, म्हणून त्यांचे कान नाजूक. पण मी पडलो मुकादम. आधीच माणसं म्हणतात, याच्या कानात बोळे, आमची तक्रार ऐकत नाही. आता खरंच कान झाकले तर माझी काय शोभा राहील?

उत्तराची वाट बघतो, लोभ आहेच.
तुझा भोंगा

ता. २३ जून

चि. भोंग्यास आशीर्वाद.

शोभा गेली तर परत येईल, कान पुन्हा उगवायचे नाहीत. एकट्याने घातले तर बोळे, सगळ्यांनी घातले तर शिस्त. कपाट उघड! तक्रार ऐकायची तर यंत्रं थांबवून ऐक. नाहीतर कान उपटायला मी येतेच, पण उपटण्याजोगे शिल्लक ठेव.

रागातला का होईना, लोभच समज.
ताई

ता. १० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

ताई, धमाल उडाली! कपाट उघडून सगळ्यांना कप वाटले. मालक तणतणत खाली आले, यंत्रांच्या मधोमध उभे राहून घसा बसेस्तोवर ओरडले. कोणाला अक्षर कळलं नाही. आम्ही आपले आदराने माना डोलावतोय! शेवटी यंत्रं थांबवून मीच विचारलं, साहेब, काही तक्रार आहे का. ते कानात बोट घालून हलवत राहिले आणि म्हणाले, आधी ती शिट्टी कोण वाजवतोय ते सांगा. शिट्टी कोणीच वाजवत नव्हतं! दुसऱ्याच दिवशी नवे कप आले, पहिला त्यांनी स्वतः चढवला. मी आता चहाआधी यंत्रं थांबवून तक्रारी ऐकतो. इतक्या निघतात, की बोळेच बरे होते.

गेलेलं परत आलं नाही, पण संध्याकाळी कानात किडे किरकिरायचे ते गप्प झालेत. काल स्वयंपाकघरातून हिचं पुटपुटणं चक्क ऐकू आलं! निम्मं माझ्याबद्दल होतं, ते मला कबूल आहे. उरलेलं तुझ्या आठ दिवसांच्या मुक्कामाबद्दल. ते लिहीत नाही.

लोभ आहे, आता ओरडून सांगायला नको.
तुझा (हल्ली हळू वाजणारा) भोंगा