स्टेडियमवरचं आभाळ

रविवार, संध्याकाळ. कुरुंदा.

मॅच आपण जिंकलो. बाहेर फटाके वाजून राहिले आन् माझं कशातच मन न्हाई. आत्ताच ह्यांचा फोन येऊन गेला. हे फौजेत, हवेतला हल्ला अडवणाऱ्या तुकडीत. मॅचसाठी त्यांना स्टेडियमच्या पहाऱ्यावर लावलेलं. म्हणाले, "मॅच चालू असताना एक ड्रोन आलं. पाडलं तर खाली माणसं. न्हाई पाडलं आन् त्यात बॉम्ब निघाला तर?" ते स्टेडियमबाहेरच्या मोकळ्या मैदानावर येईस्तोवर हे थांबले, मग पाडलं. तिथं भिंतीआड फुगे विकणारी बाई बसली होती, ती ह्यांना दिसलीच न्हाई. ड्रोन तिच्या डोक्यात पडलं. जागीच गेली.

"काय होतं त्यात?" मी विचारलं.

"निस्ता कॅमेरा. कुण्या हौशी माणसाचा."

फुगेवाली. टीव्हीवर गर्दी दाखवली, त्यात ती असंल का? काहून आठवून राहिले मी?

"मी बराबर केलं ना?" हे म्हणाले.

व्हय म्हणाले मी, लगेच. खरंच वाटतं का मला तसं?

सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणतो दत्ता?"

"खुशाल हायेत."

त्यांनी देवापुढं साखर ठेवली आन् शेजारीपाजारी वाटायला निघाल्या. मी अडवलं न्हाई.