कॉर्डेलची शपथ

कॉर्डेल बाळा,

हे पत्र माझ्याने पोस्टात टाकवणार नाही.

तुला त्यांच्याच कॉलेजात बास्केटबॉल खेळायला पाठवावं म्हणून तिथल्या कोचच्या माणसाने गुपचूप पैसे दिले, ते मी घेतले. कर्जात चाललेलं आपलं मेम्फिसचं घर त्यातूनच वाचलं. तुला मात्र चर्चची मदत म्हणून सांगितलं.

कॉलेजच्या खेळात असे पैसे घ्यायला बंदी; त्याच्या चौकशीत तू शपथेवर म्हणालास, "माझ्या आईने एक डॉलरही घेतलेला नाही." मी शेजारी गप्प बसले. मग त्यांनी बँकेचे कागद पुढे ठेवले आणि तुझं बास्केटबॉल संपलं.

गाडीत तू विचारलंस, "मॉम, मला बोलू का दिलंस?"

"पट्टा लाव," मी म्हटलं.

त्यांना कळणार नाही, असं मला वाटलं होतं रे.

आता तू गोदामात खोकी उचलतोस. चर्चमध्ये कुणी विचारलं तर सांगतोस, "गुडघा गेला." मी शेजारी उभी राहून मान डोलावते.

तुझी,
मॉम